वस्तीतील मधुमेह-संशोधन : न आलेल्या माणसांचा हिशेब

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत आहात. मधुमेहाच्या उपचारांतील विषमता हा आपल्या प्रबंधाचा विषय आहे, त्यासाठी चार वस्त्या निवडल्या आहेत, आणि सहा महिने उलटूनही ठरवलेल्या संख्येच्या निम्म्या नोंदी झालेल्या नाहीत. जे आले त्यांत बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या, दिवसा घरी असणाऱ्या मराठीभाषक स्त्रिया आहेत. मोहल्ल्यातून मोजकेच लोक आले, मजूर-अड्ड्यावर उभे राहणारे जवळजवळ नाहीत, आणि वस्तीच्या कडेला पाले टाकून राहणाऱ्या कुटुंबांतून एकही नाही. ‘या समाजांत जनजागृती करून त्यांना संशोधनात कसे सामील करून घ्यावे?’ असे आपण विचारले आहे, आणि जाता जाता ‘मार्गदर्शक म्हणतात, संख्या भरली की झाले’ हेही लिहिले आहे.

जनजागृती हा शब्द आधी बाजूला ठेवू. गेली बावीस वर्षे मी वस्त्यांत आणि गावांत मधुमेहावर काम करते आहे, आणि लोकांना जाग आणण्याची गरज आहे असे मला ज्या ज्या वेळी वाटले, त्या त्या वेळी थोड्याच दिवसांत झोपेत मी होते असे निघाले. आपल्या वर्णनातून मला जे दिसते ते असे : आपले शिबिर सकाळी साडेसात ते साडेदहा, उपाशीपोटी, समाजमंदिरात भरते. त्या वेळी त्या जागी उपाशी बसून राहणे ज्यांना परवडते तेच लोक आपल्याकडे आले. म्हणजे नमुन्याची, अभ्यासात कोण येणार याची, निवड आपण केली नाही, आपल्या वेळापत्रकाने केली. विषमतेचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाने विषमतेचीच चाळणी लावावी असे हे झाले आहे. यात आपला दोष फार नाही, कारण बहुतेकांना हे असेच शिकवले जाते. पण प्रश्न ‘लोकांना सामील कसे करावे’ असा न धरता ‘अभ्यासाची वेळ, जागा, प्रश्न आणि विचारणारा माणूस हे सारे कोणाशी बोलून ठरले’ असा धरलात तर वाट सापडेल.

संख्या भरली की झाले, हे मत शास्त्राच्या अंगानेही टिकत नाही, आणि मार्गदर्शकांशी बोलताना नैतिकतेआधी शास्त्राचाच आधार घ्यावा. आयसीएमआर-इंडियाब हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआरचे) आपल्या देशातील मधुमेहाचे सर्वांत मोठे सर्वेक्षण. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची त्यात तपासणी झाली, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के होते आणि उत्तर प्रदेशात ४.८. पण आपल्या कामासाठी मला त्याच मालिकेतील २०१७ सालचा, पंधरा राज्यांवरचा लेख अधिक मोलाचा वाटतो. चंदीगड, महाराष्ट्र आणि तमिळनाडू यांसारख्या तुलनेने संपन्न प्रदेशांच्या शहरी भागांत गरीब थरातील मधुमेहाचे प्रमाण वरच्या थरापेक्षा जास्त आढळले, असे त्यात नोंदले आहे. ‘मधुमेह हा खात्यापित्या घरचा आजार’ ही समजूत निदान आपल्या शहरांपुरती तरी मोडीत निघाली आहे. अशा वेळी नाक्यावरचा मजूर आपल्या नमुन्यात नसेल, तर जिथे आजार वाढतो आहे नेमका तोच भाग आपण वगळला असे होईल, आणि मग विषमतेविषयी आपण जे काही लिहाल ते घरी बसणाऱ्या मावशींमधील आपापसातल्या फरकापुरते राहील.

आता वेळ आणि तपासणी यांविषयी सविस्तर लिहिते, कारण सहभागाची चर्चा करणारे बहुतेक लोक या गोष्टीला तांत्रिक समजून पुढे जातात आणि खरी अडचण तिथेच असते. उपाशीपोटी रक्त घ्यायचे म्हणजे माणूस सकाळी कामावर जाण्याआधी गाठला पाहिजे. मजूर-अड्ड्यावर सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास माणसे उचलली जातात. तेव्हा जो अड्ड्यावर नाही त्याचा त्या दिवसाचा खाडा पडतो. धुणीभांडी करणाऱ्या ताई सहा-साडेसहाला पहिल्या घरी पोहोचलेल्या असतात. त्यातून तोंडावाटे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी पुन्हा रक्त घेण्याची चाचणी असेल, तर आपण त्या माणसाकडून अर्ध्या दिवसाची मजुरी मागत असतो आणि ‘आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल आभार’ असे छापलेला कागद हाती देत असतो.

मग एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी, करावी का? त्याला उपाशी राहावे लागत नाही, कुठल्याही वेळी रक्त घेता येते, त्यामुळे वस्तीच्या दृष्टीने ही चाचणी फार सोयीची आहे. पण इथे एक खड्डा आहे. ही चाचणी लाल पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे लाल पेशींचे आयुष्य बदलले की आकडाही बदलतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि सिकलसेलसारख्या आजारात पेशी लवकर नष्ट होत असल्यामुळे तो कमी दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, आणि सिकलसेलचे प्रमाण आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या आदिवासी पट्ट्यांत अधिक आहे. म्हणजे ज्यांना सामील करण्यासाठी आपण सोपी चाचणी निवडली, त्यांच्याच बाबतीत ती फसण्याची शक्यता अधिक. यावर सगळीकडे चालेल असे एक उत्तर नाही. शहरी वस्तीत मी साधारणपणे आधी बोटातून रक्त घेऊन चाळणी करते आणि ज्यांचा आकडा संशयास्पद येतो त्यांच्यासाठी रविवारी, किंवा अड्डा बंद असेल त्या दिवशी, शिरेतून उपाशीपोटी रक्त घेण्याची सोय ठेवते. जिथे एचबीए१सी वापरते तिथे हिमोग्लोबिनही तपासते. सिकलसेलच्या पट्ट्यात एचबीए१सीवर एकट्याने निदान करू नये, एवढे मात्र ठामपणे सांगते. आपल्या अभ्यासाला निदान हवे आहे की आधी निदान झालेल्यांचे उपचार पाहायचे आहेत, यावरही बरेच अवलंबून आहे. प्रश्न उपचारांचाच असेल तर दोन तासांच्या चाचणीचा हट्ट सोडता येईल आणि निम्मी अडचण तिथेच संपेल.

बुडालेल्या मजुरीचे काय, हा पुढचा प्रश्न. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. मात्र ती रक्कम आमिष ठरेल इतकी असू नये आणि तिला नैतिकता समितीची मान्यता हवी. अनेक तरुण संशोधक ‘पैसे दिले तर ते आमिष होईल’ या भीतीने काहीच देत नाहीत. खाडा भरून देणे हे आमिष नव्हे. पदव्युत्तर प्रबंधाला निधी नसतो हे मला ठाऊक आहे. म्हणूनच निधी नसेल तर वेळ लोकांच्या सोयीची ठेवणे ही आपली जबाबदारी ठरते. संध्याकाळी सात ते साडेनऊ ही वेळ वस्तीची असते. ती आपल्याला गैरसोयीची आहे, पण दोघांपैकी एकाची गैरसोय व्हायचीच आहे.

आता प्रश्नावलीकडे येते. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत आम्ही औषधे मधेच सोडणाऱ्या रुग्णांचा अभ्यास करत होतो. ‘गोळ्या बंद करण्याचे कारण’ या प्रश्नाखाली आम्ही पर्याय दिले होते : विसरलो, बरे वाटले, दुष्परिणाम झाले, परवडले नाही, इतर. प्रश्नावली अंतिम करण्याआधी ती आम्ही घरकामगार ताईंच्या एका गटासमोर वाचून दाखवली. त्यांतील एक मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, गोळी घेतली की भूक लागते, आणि दुसऱ्याच्या घरी भांडी घासताना भूक लागून काय करायचे?’’ मी क्षणभर गप्प झाले. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी जेवण चुकल्यावर साखर खाली जाते आणि भूक लागते हे मी शेकडो वेळा शिकवले होते. पण ‘भूक लागू नये म्हणून गोळी न घेणे’ हे कारण आमच्या यादीत नव्हते, आणि ते ‘विसरलो’मध्येही बसत नव्हते.

मग त्या बोलू लागल्या. दोघींनी सांगितले की मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर पहिले काही दिवस पोट बिघडते, आणि वस्तीत सार्वजनिक शौचालयासमोर सकाळी रांग असते, म्हणून गोळी सोडली. साखर वाढली की लघवीला वारंवार जावे लागते. कामाच्या घरी शौचालय वापरू देत नाहीत, आणि रात्री वस्तीतल्या शौचालयापर्यंत अंधारातून जाणे सुरक्षित नाही, म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायचे नाही असा त्यांनी मार्ग काढला होता. मधुमेही बाईने पाणी न पिणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्या दिवशी आमच्या अभ्यासाचा विषयच बदलला. ‘औषधपालन’ हा शब्द आम्ही शीर्षकातून काढला आणि शौचालय, जेवणाच्या वेळा व कामाची जागा यांचे प्रश्न घातले. समाजाचा सहभाग म्हणजे काय असे मला कोणी विचारले तर मी हीच दुपार सांगते. त्या ताई रक्त द्यायला आल्या नव्हत्या, प्रश्न दुरुस्त करायला आल्या होत्या; आणि गंमत अशी की पुढे रक्त द्यायला त्यांनीच त्यांची गल्ली आणली.

भाषेचेही तसेच. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस ‘शुगरची गोळी चालू आहे का?’ म्हटल्यावर खिशातून पट्टी काढून दाखवतो. मोहल्ल्यात मराठी कळते, पण दुखण्याखुपण्याचे बोलणे दखनीत किंवा हिंदीत होते. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात पावरी, गडचिरोलीत गोंडी. तिथे छापील मराठी प्रश्नावली ही सरकारी नोटिशीसारखी वाटते. भाषांतर करून घेण्यापेक्षा त्या भाषेत वाढलेल्या व्यक्तीनेच मुलाखत घेणे नेहमी चांगले, आणि अशा व्यक्तीला मानधनासह संशोधन सहायक म्हणून नेमावे, ‘स्वयंसेवक’ म्हणून राबवू नये.

मोहल्ल्याविषयी आपण विशेष विचारले आहे, म्हणून थोडे अधिक. तिथे जाणारे बहुतेक संशोधक आधी मौलानांना भेटतात, परवानगी मिळवतात आणि काम झाले असे समजतात. मौलानांना भेटण्यास हरकत नाही, भेटावेच. पण त्यांचा होकार हा त्या गल्लीतील भाभींचा होकार नव्हे. माझा अनुभव असा की स्त्रियांसाठी दुपारी दोन ते चार ही वेळ, एखाद्या आपांच्या घरी, आणि विचारणारी बाई असली तर काम होते. पुरुषांसाठी रात्रीच्या नमाजानंतर. रमजानचा महिना बहुतेक संशोधक ‘नमुना घेण्यास अयोग्य’ म्हणून वगळतात. मी उलट त्या महिन्याच्या दीड-दोन महिने आधी जाते, कारण तेव्हा लोकांच्या मनात एक खरा प्रश्न असतो : रोजा धरू का, आणि धरला तर गोळी कधी घेऊ? तेरा देशांत झालेल्या आणि एपिडियार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे सुमारे ७९ टक्के मुस्लिम रुग्ण रमजानमध्ये रोजे धरत असल्याचे आढळले होते. ‘रोजा धरू नका’ एवढेच सांगून दवाखाना मोकळा होतो, आणि माणूस न सांगता रोजा धरतो. सहरी-इफ्तारप्रमाणे गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बसवून घेण्यास आम्ही मदत केली, तेव्हा संशोधनासाठी दार उघडायला आम्हाला वेगळे काही करावे लागले नाही. (एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘मी उपाशी आहे’ म्हणत रक्त द्यायला येणाऱ्या आमच्या काकूंनाही हाच न्याय लावावा, उपवास ही काही एका धर्माची अडचण नाही.)

एक सावधगिरी. २०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदपत्रांची चर्चा चालू असताना, वही घेऊन घरोघर फिरणाऱ्या कोणाकडेही लोक संशयाने पाहू लागले होते. तेव्हापासून मी प्रश्नावलीत आधार क्रमांक, जन्मस्थान, वडिलांचे मूळ गाव असे काहीही ठेवत नाही. आपल्याला त्याची गरज नसते. सवयीने ते रकाने छापले जातात. धर्म व जात विचारावी लागते, कारण विषमता मोजायची तर ती नोंद हवी. पण ती शेवटी विचारावी, का विचारतो ते सांगावे आणि ‘सांगायचे नाही’ हा पर्याय मनापासून द्यावा.

रक्ताविषयीचा संशय मात्र जुना आहे, आणि तो अज्ञान म्हणून हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार होते, आणि १९९० पासून ऍरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचे रक्त घेतले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, जमातीतील आपापसातील नातेसंबंध आणि त्यांचे पूर्वज कोठून आले याच्या अभ्यासासाठीही वापरले गेले. जमातीला ते कळले तेव्हा त्यांनी दावा दाखल केला, आणि २०१० साली तडजोड होऊन विद्यापीठाला सात लाख डॉलर द्यावे लागले व उरलेले रक्तनमुने परत करावे लागले. आपल्या रक्ताचे काय होते हा प्रश्न विचारणारी माणसे शहाणी असतात, हे या प्रकरणाने दाखवून दिले आहे. म्हणून ‘रक्त कुठे नेता?’ असे वस्तीत कोणी विचारले की मी नळी हातात देते, पाच मिली म्हणजे चहाचा एक चमचा हे दाखवते, कोणत्या प्रयोगशाळेत जाणार, काय तपासणार आणि उरलेले रक्त कधी नष्ट करणार हे सांगते. ‘भविष्यातील संशोधनासाठी’ हे संमतिपत्रकातील गुळगुळीत वाक्य आपल्याला खरोखर गरज नसेल तर काढून टाका. गरज असेल तर त्यासाठी वेगळी सही घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंगठ्याबरोबर निःपक्ष, साक्षर साक्षीदार लागतो, हे आपल्याला माहीत असेलच. तो साक्षीदार आपल्याच चमूतील नसावा, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

मधल्या माणसांविषयी बोलल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. प्रत्येक वस्तीत एक दार असते आणि त्या दाराशी कोणी तरी उभे असते : नगरसेवक, मंडळाचा अध्यक्ष, ठेकेदार, सरपंच. त्याच्याशिवाय आत जाता येत नाही आणि त्याच्याबरोबर आत गेलो तर लोक खरे बोलत नाहीत. याचे सर्वांत कठीण उदाहरण मी ऊसतोड कामगारांत पाहिले. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे कोयत्याच्या जोड्या (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी) पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते, त्यामुळे मुकादमाने ‘द्या रे रक्त’ म्हटले की ते रांगेत उभे राहतात. कागदावर शंभर टक्के सहभाग! पण ती संमती नव्हती. त्यानंतर आम्ही फडावर नोंदणी करणे थांबवले. पावसाळ्यात, माणसे गावी असताना, त्यांच्या घरी जाऊन नोंदणी केली, आणि तोडीच्या हंगामात फक्त भेट घेतली. पहाटे अंधारात तोड सुरू होते, पहिले जेवण कधी होईल याचा नेम नसतो, इन्सुलिन असेल तर ते कोपीत, म्हणजे झोपडीत, ओल्या मडक्यात ठेवावे लागते. अशा माणसाला ‘पाठपुराव्यात गळालेला’ असे आपल्या तक्त्यात लिहिणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो गळालेला नसतो, कोल्हापूर जिल्ह्यात असतो. आपल्या पालांतल्या कुटुंबांनाही हेच लागू आहे. त्यांचा पत्ता नसतो पण फिरण्याचा क्रम असतो. तो विचारून घ्या आणि आपल्या फेऱ्या त्याप्रमाणे बसवा.

आदिवासी क्षेत्रात दार वेगळे आहे. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याखालील गावांत ग्रामसभा ही खरीखुरी संस्था आहे, आणि तिच्यासमोर अभ्यास मांडून चर्चा होऊ देणे मी अनिवार्य मानते, मग त्यात दोन महिने का जाईनात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने दवाखाना बांधताना आदिवासींना आधी विचारले; त्यातून मोठ्या इमारतीऐवजी त्यांच्या गावासारखी झोपड्यांची रचना झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. तिथला मधुमेह कधी कधी पुस्तकातल्यासारखा नसतो हेही ध्यानात ठेवावे. हडकुळ्या, लहानपणापासून कुपोषित माणसांतील मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. वजन जास्त असलेल्यांनाच तपासायचे असे ठरवले तर ही माणसे तपासणीतच येत नाहीत.

आपल्या पुण्याजवळच दीर्घ सहभागाचे एक उदाहरण आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सहा गावांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, पण इथल्या बाळांत वजनाच्या मानाने चरबी टिकून होती. पुढे त्याच मुलांना सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासले गेले. एवढी वर्षे गावे टिकून राहतात ती संमतिपत्रकाच्या जोरावर नव्हे. आपल्याकडे तीस वर्षे नाहीत, जेमतेम एक आहे. म्हणून आपण काय करू शकता आणि काय नाही, हे स्पष्ट लिहिते.

प्रमाण काढण्याचा, म्हणजे ‘या वस्तीत इतके टक्के’ असे सांगण्याचा आपला उद्देश असेल, तर यादृच्छिक पद्धतीने निवडलेले घर बंद मिळाले म्हणून शेजारचे उघडे घर घेऊ नका; हा मोह प्रत्येकाला होतो. त्याच घरी तीन वेगवेगळ्या वेळी जा, त्यांतली एक वेळ रात्रीची आणि एक रविवारची ठेवा, आणि तरीही जे मिळाले नाहीत त्यांची वय, लिंग, काम एवढी तरी नोंद शेजाऱ्यांकडून न घेता घरच्यांकडून घ्या. न आलेल्यांचा तक्ता प्रबंधात आलेल्यांच्या तक्त्याशेजारी छापा. मी परीक्षक असते तर आधी तोच पाहिला असता. उद्देश कारणे समजून घेण्याचा असेल, तर संख्या कमी करून प्रत्येक गटातून ठरवून माणसे घ्या आणि मोकळ्या मुलाखती करा. पण मग त्यावरून टक्केवारी काढू नका. दोन्ही उद्देश एकाच नमुन्यात कोंबले की परीक्षेत आणि वस्तीत, दोन्हीकडे अडचण होते.

सल्लागार गटाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगते. प्रत्येक वस्तीतून दोघे-तिघे, एकूण दहाच्या आत. त्यांत निदान निम्म्या स्त्रिया, आणि मधुमेह असलेली माणसे. आशाताई असाव्यात, पण फक्त आशाताई नसाव्यात, कारण त्यांच्यावर आधीच तिशीवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (मधुमेहासारख्या आजारांचा धोका नोंदवणारा सरकारी अर्ज) भरण्याचा बोजा आहे आणि लोक त्यांच्याकडे सरकारी यंत्रणा म्हणून पाहतात. बैठकीला खुर्च्या असतील तर सगळ्यांना असाव्यात. आपण खुर्चीवर आणि बाया सतरंजीवर अशी बैठक मी पाहिली आहे आणि तिथे कोणी तोंड उघडले नव्हते. गटाने एखादी गोष्ट ‘नको’ म्हटली तर ती खरोखर बदलली पाहिजे. पहिल्या दोन बैठकांत काहीच बदलले नाही की तिसऱ्या बैठकीला फक्त चहापुरती माणसे येतात.

अशा गटांनी खरोखर फरक पडतो का, असे मार्गदर्शक विचारतील. बांगलादेशातील फरीदपूर जिल्ह्यातील ९६ गावांत झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला डी-मॅजिक हा प्रयोग त्यांना दाखवा. काही गावांत मधुमेहाविषयी मोबाईलवर आवाजी संदेश पाठवले. काही गावांत स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या वेगवेगळ्या गटांनी अठरा महिने दरमहा भेटून अडचणी स्वतः शोधल्या, उपाय ठरवले आणि अमलात आणले. संदेशांनी लोकांची माहिती वाढली, पण मधुमेहाचे प्रमाण हलले नाही. गटांच्या गावांत मधुमेह आणि मधुमेहपूर्व स्थिती यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीय कमी आढळले. जनजागृती या शब्दावर सुरुवातीला मी का वैतागले, ते यावरून कळेल.

तरुण मुलींविषयी एक गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. लग्न न झालेल्या मुलीला शुगर आहे हे वस्तीत कळले तर तिचे स्थळ मोडते, म्हणून घरचे तो आजार लपवतात आणि इन्सुलिन दाराआड घेतले जाते. समाजमंदिरातल्या शिबिरात अशी मुलगी कधीही येणार नाही, आणि यावीही असे मला वाटत नाही. तिच्यासाठी रुग्णालयातच, एकटीने बोलण्याची सोय ठेवा. सर्वांना एकाच जागी गोळा करणे हा सर्वांचा सहभाग नव्हे.

राहिला प्रश्न निष्कर्षांचा. ज्याची साखर वाढलेली निघाली त्याला त्याच आठवड्यात लेखी अहवाल आणि कुठल्या दवाखान्यात, कुठल्या दिवशी, कोणाला भेटायचे याची चिठ्ठी मिळाली पाहिजे. तिथे मेटफॉर्मिन शिल्लक आहे की नाही हे आपण आधी जाऊन पाहून यावे. नसेल तर शिबिर पुढे ढकलावे. ‘मागच्या वेळी रक्त घेऊन गेलात, काय निघाले ते कळवलेच नाही’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक नव्या वस्तीत ऐकायला मिळते, आणि दर वेळी ते आमच्याआधी येऊन गेलेल्या कोणाविषयी तरी असते. आपल्या चार वस्त्यांत असे कोणी येऊन गेले होते का, हे आधी विचारून पाहा. लोक न येण्याचे कारण कदाचित तेवढेच असेल.

आता आपल्या हाती उरलेले सहा महिने. नैतिकता समितीकडे दुरुस्तीचा अर्ज या आठवड्यात द्या : संध्याकाळची वेळ, चाचणीतील बदल आणि सल्लागार गट या तीन गोष्टींसाठी. मान्यता येईपर्यंत नवी नोंदणी थांबवा आणि वस्त्यांत नुसते जाऊन बसा, वही न नेता. मार्गदर्शकांना पटवण्यासाठी मोठे निवेदन लिहू नका. एके दिवशी सकाळी पावणेआठला त्यांना चहासाठी मजूर-अड्ड्यावर बोलवा, आणि तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणालाही ‘शुगर कधी तपासली होती?’ एवढेच विचारायला सांगा.